वाढत्या मापाची फटफटी

लावणीचे दिवस आले की माझं डोकं फिरतं. लोकांना या दिवसांत गाणी सुचतात, कांदाभजी आठवतात, कुणाकुणाचे डोळे भरून येतात म्हणे. मला राग येतो. गगनबावड्याकडून गार, ओला वारा सुटला आणि भातखाचरांत चिखल घोटायला सुरुवात झाली की माझ्या कपाळावरची शीर उडायला लागते. आमचे हे होते तोवर म्हणायचे, "इंदू, तू पंचांग बघून रागावतीस काय गं?" बघून नाही, पण रागावते खरी. आता साठी उलटून गेली, दात निम्मे राहिले, राग मात्र सगळाच्या सगळा शिल्लक आहे.

यंदा तर निमित्त आयतंच हातात आलं. शिवा माझा धाकटा भाऊ. त्याची नात तनू. वय एकोणीस, उंची पाच फुटांना बोटभर कमीच, आणि जीभ थेट माझ्यावर गेलेली. हिला डर्ट बाईक पाहिजे. म्हणजे डांबरी रस्ता सोडून मातीत, चिखलात, दगडगोट्यांत पळवायची मोटारसायकल. घरात सगळ्यांनी कानांवर हात ठेवले तेव्हा माझ्याकडे आली. "आज्जी, मी शिकतो की! तू नुसती संगं चल." आमच्या कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, मी येतो, मी जातो, मी शिकतो. पुण्याकडच्या लोकांना हसू येतं. येऊ दे.

तर गेलो आम्ही दोघी शाहूपुरीत. दुकान कसलं, आरसेमहालच तो. पांढरीशुभ्र फरशी, गाड्यांवर वरून दिवे सोडलेले, आणि गळ्यात टाय बांधलेला एक उमदा गडी आमच्या पुढ्यात. त्यानं तनूला एका उंच, हिरव्या गाडीवर बसवलं. पोरगी चढली म्हणण्यापेक्षा लटकली. पायांच्या बोटांचे शेंडे फरशीला लागतायत न लागतायत. तनूनं माझ्याकडं बघितलं. तो टायवाला हसून म्हणाला, "थोडी उंच वाटते, पण होते सवय. आणि मॅडम अजून वाढतील की!"

वाढतील की.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी म्हटलं, "पावणं, एकोणीस वर्षांची हाय ती. आता वाढली तर आडवी वाढंल. उभी वाढायची न्हाय." दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली. त्याला बिचाऱ्याला कळेना आपण काय बोललो. "काकी, तसं न्हवतं म्हणायचं मला..." मी ऐकायलाच थांबले नाही. तनूचा दंड धरला आणि बाहेर. रिक्षात बसल्यावर पोरगी फणकारली, "आज्जी, गाडी बघायला आलतो की भांडायला?" बाहेर पाऊस पडत होता, रिक्षाच्या पडद्यातून पाणी मांडीवर येत होतं आणि मी आबांशी भांडत होते. आबा जाऊन किती वर्षं झाली! पण भांडण अजून मिटलेलं नाही.

आबा म्हणजे आमचे वडील. सहा फूट उंची, पिळदार मिशा, आवाज असा की पलीकडच्या बांधावरची माणसं ओ द्यायची. आमच्या घरात कुठली वस्तू कधी मापाची आली नाही. सगळं वाढत्या मापाचं. शिवाची शाळेची चड्डी गुडघ्याच्या खाली, शर्टाच्या बाह्या तीन वेळा दुमडलेल्या. पावसाळी रबरी बूट आले की त्यांच्या चवड्यात आई चिंध्या कोंबायची. शिंपी मापाची पट्टी लावायला लागला की आबा वरून सांगायचे, "ढिलं ठेव रं, वाढतं अंग हाय." सगळ्यांच्या घरी हेच होतं, मला ठाऊक आहे. कापड महाग, पोरं वाढणारी. त्याचा मला राग नाही. पण शिवाचं अंग सोळाव्या वर्षी थांबलं. पाच फुटांवर आलं आणि म्हणालं, बास, झालं माझं. शिवाला ते मान्य होतं, आईला मान्य होतं, शिंप्यालाही मान्य होतं. आबांना नव्हतं.

आणि गाव कसलं आमचं! हा मुलूखच अंगाचा. इथं माणसाचं नाव विचारायच्या आधी छाती बघतात. धारोष्ण दूध, तालमीतली तांबडी माती, दंडाला दंड लावून बघणं. पाच फुटांच्या पोरानं इथं जायचं कुठं? आबांनी शिवाला गोठ्याच्या तुळईला लोंबकळायला लावलं. रोज सकाळी. पोरगं हात दुखून रडकुंडीला यायचं आणि आबा खाली उभे राहून, "हूं, आणि जरा... आणि जरा." अशानं कोण वाढतं? हात तेवढे लांब झाले असतील.

उलट मी वाढले. आबांवर गेले मी. शिवापेक्षा टाळूभर उंच. पाव्हणेरावळे जेवायला बसले की आबा भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "देवानं माप चुकवलं बघा आमच्यात. पोराचं कापड पोरीला बेतलं." पाव्हणे हसायचे. आम्ही दोघं आपापल्या ताटात बघत जेवायचो. तेव्हा राग यायचा का? यायचा. पण तेव्हा राग गिळता यायचा. आता घशाखाली उतरत नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट ही. चावडीत नुकताच टीव्ही आला होता. तोवर फटफटी म्हणजे साडेतीनशे सीसीचं धूड, चार गल्ल्या जागं करणारं. पण त्या सुमाराला शाहूपुरीतल्या दुकानांच्या काचांमागं नव्या हलक्या गाड्याही दिसायला लागल्या होत्या, शंभराच्या. आमचं गाव कोल्हापूरहून गगनबावड्याकडं जाताना लागतं. तिथं एकदा पाऊस लागला की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागतं. ते दिवस आठवले की आधी वासच येतो, ओल्या घोंगड्याचा. मग धुराचा, कारण कपडे चुलीवर टांगून वाळवायचे आणि ते घालून शाळेत गेलं की सगळा वर्ग धुराचा वास मारायचा. पायांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, त्यांवर आई गरम तेल-हळद लावायची आणि आम्ही बोंबलायचो. खाचरात बायका ओळीनं वाकलेल्या, डोक्यावर इरली, हातात रोपांच्या पेंढ्या. पाठ मोडून यायची. तरी कुणीतरी मोठ्यानं काहीतरी चावट बोलायचं आणि ओळच्या ओळ हसत सुटायची.

लावणीआधी खाचरातला चिखल सपाट करायला बैलांच्या मागं एक जाड लाकडी फळी ओढतात. तिला गुट्टा म्हणतात. त्याच गुट्ट्यावर उभं राहायचं, कासरा धरायचा आणि बैल चिखलातून उधळायचे, ही आमच्याकडची शर्यत. अंगावर इतका चिखल उडायचा की जिंकलेला माणूस कोण, ते त्याच्या आईनं ओळखायचं. बांधावर ही गर्दी, हलगीचा कडकडाट, आणि पावसात गुलाल उधळला की तो अंगावर पडायच्या आतच लाल पाणी होऊन जायचा. आबांची बैलजोडी नावाजलेली होती. आबा बैल बघायला निघाले की दहा गावची माणसं मागं यायची. खांदा किती उंच, खूर कसं, वशिंड भरलंय का, भोवरा कुठं आहे. बैलातलं त्यांना कळायचं. निर्विवाद कळायचं. घात त्यानंच केला.

कारण त्या साली गावच्या मंडळींनी टूम काढली, बैल पळून झाले की त्याच खाचरात फटफट्या पळवायच्या. आताची पोरं मोटोक्रॉस का काय म्हणतात ते. आमच्याकडं त्याला नाव नव्हतं. पुढचं-मागचं मडगार्ड काढायचं, दिवा काढायचा आणि सोडायची चिखलात.

आणि चिखलात गाडी कुणाला येत होती? शिवाला! डेअरीला दूध घालायला तो एका जुन्या मोपेडवरून वाड्यावस्त्यांवर हिंडायचा. दोन्ही अंगाला दुधाच्या किटल्या, वर हा, ओचा बांधल्यासारखा शर्ट खोचलेला. जिथं बैलगाडी रुतायची तिथून हा निघून जायचा. गाडी बसकी, हलकी, याचे दोन्ही पाय जमिनीवर. घसरली की डावा टेकव, घसरली की उजवा टेकव. बदकासारखा चालायचा म्हणा ना. कधी मी मागं बसायचे, माझे लांब पाय वर धरून. तो म्हणायचा, "आक्का, चिखलात गाडी विंजनावर न्हाय चालत. पायावर चालती. पाय टेकला म्हंजे तू वाचलीस." त्याच्या तोंडावर तेव्हा जे असायचं ना, ते मी पुन्हा कधी त्याच्या तोंडावर बघितलं नाही. लग्नातही नाही.

त्याला शाहूपुरीतली एक गाडी मनातून आवडली होती. नवी, हलकी, चाकं जरा लहान, बसायची जागा खाली. कोल्हापूरला आलं की तो त्या दुकानाच्या काचेसमोर जाऊन उभा राहायचा. एकदा आत जाऊन बसूनही आला होता. मला येऊन सांगितलं, "आक्का, दोन्ही टाचा टेकत्यात. पडली तर मी एकला उचलीन." नवशिक्यानं गाडी निवडावी ती अशी, हे मला आज इतक्या वर्षांनी तनूचे सगळे व्हिडिओ बघून कळलं. बूड टेकल्यावर पाय टेकला पाहिजे, पडल्यावर आपल्याला उचलता आली पाहिजे, आणि मूठ पिळली तर तिनं उधळता कामा नये. एवढंच. हे शिवाला तेव्हा कुणी न सांगता ठाऊक होतं. पण विचारलं कुणी त्याला?

आबा गाडी घ्यायला तयार झाले. शर्यतीत आपल्या घरची फटफटी पाहिजेच, बैलांत आपण पहिले मग यात मागं का? शिवाला इतका आनंद झाला की रात्रीची भाकर तशीच ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शाहूपुरीत. शिवा सरळ त्या बसक्या गाडीजवळ जाऊन उभा राहिला. आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. टाकीवर थाप मारली, टायर अंगठ्यानं दाबलं.

"ही? खुरं बारीक हायत हिची," आबा म्हणाले.

"आबा, मला पुरंल ही. हलकी हाय."

"हलकी हाय म्हंजे? रेडकू हाय रेडकू! शर्यतीत रेडकू जुपायचं काय आमी?"

दुकानदारानं गिऱ्हाईक ओळखलं. "आबासाहेब, तुमच्या घराला शोभंल अशी तिकडं हाय बघा." आणि कोपऱ्यातली ती दाखवली. साडेतीनशेची, काळी, छाताडाची, उंच. आबांचे डोळेच फिरले. बैलबाजारात मनासारखा खोंड दिसल्यावर फिरायचे तसे. "ह्येला म्हणायचं अंग!" शिवानं तोंड उघडलं होतं. मी बघितलं, उघडलं होतं. पण आबा पुढं म्हणाले, "आणि वाढंल की ह्यो अजून." शिवानं तोंड मिटलं. वीस वर्षांचा होता तो! मिशा फुटून दोन वर्षं झाली होती! आणि दुकानात सगळ्यांनी मान डोलावली, व्हय की, वाढतंय की. एकाला तरी वाटावं की या माणसाच्या डोक्यात बिघाड आहे. नाही वाटलं. कारण सगळ्यांच्याच घरी चड्ड्या ढिल्या होत्या.

गाडी अंगणात आली, आईनं ओवाळली, हँडलला झेंडूची माळ. शिवा बसला. मी खाली बसून त्याच्या टाचेखाली हात घातला. चवडा कसाबसा लागत होता, टाच वर. माझी चार बोटं आडवी, आरामात आत गेली. मी मोठ्यानं सांगितलं, "आबा, चार बोटं अधांतरी हाय त्यो." आबा म्हणाले, "तुला कुणी इच्यारलं?" आई म्हणाली, "इंदे, आत चल." शिवा वर बसून समोर बघत होता.

दुपारी सगळे शेतावर गेल्यावर मी गोठ्यात गेले आणि लुगडं वर खोचून त्या गाडीवर बसले. आता खरं सांगू? दोन्ही टाचा टेकल्या माझ्या. पुऱ्या टेकल्या. हँडल हाताला बरोबर आलं. त्या घरात ती गाडी एकाच माणसाच्या मापाची होती, आणि ते माणूस त्या घरात माणूस म्हणून मोजलंच जात नव्हतं. बैल माझ्याकडं बघत रवंथ करत होते. मी उतरले, पदरानं टाकी पुसली आणि शेणाचं घमेलं उचललं. तिला चालवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, याचा मला आज सगळ्यांत जास्त राग येतो. मनातसुद्धा येऊ दिलं नव्हतं लोकांनी.

शिवानं आपल्या परीनं एक वाट काढली. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत सलीमभाईंचं सीट शिवायचं दुकान होतं. ट्रकची, रिक्षांची, सोफ्यांची, सगळी सीटं एकाच ढिगात. सलीमभाई तोंडात पान आणि तोंडात शिव्या. शिवानं गाडी नेली आणि म्हणाला, सीट खाली घ्या. मी होतेच सोबत. सलीमभाईंनी सीट उचकटलं, फोम चापटून बघितला. "काढतो की. पन बूड दुखलं तर माझ्या नावानं शिमगा करायचा न्हाई. आन ह्ये बघा, एवढ्यानं सगळं न्हाई उतरायचं. गाडीच उंच, मी काय करू? लोखंड कापू?" मग सुरी घेऊन फोम खरवडायला लागले. जमेल तेवढं काढलं. शिवा बसला. चार बोटांची दोन झाली. शिवा हसला. येताना सगळ्या रस्त्यानं शीळ घालत आला.

आबांनी संध्याकाळी बघितलं. खोलगट झालेलं ते सीट बघितलं आणि माणूस असा पेटला, असा पेटला की शेजारपाजारची माणसं अंगणात आली. "वशिंड कापून आणलं! माझ्या गाडीचं वशिंड कापून आणलं! चार गावं बघतील, काय म्हणतील? पोराला पेलवंना म्हणून बैल कापला म्हणतील!" शिवा एवढंच म्हणाला, "आबा, पाय टेकाय पायजे." "पाय टेकायला काय म्हातारा हायस? गडी हायस न्हवं?" झालं. गडी म्हटल्यावर पुढं बोलायचं काय? आबांनी स्वतः गाडी दुसऱ्या दुकानात पाठवली आणि नवं सीट चढवून आणलं. जाड, फुगीर, लालभडक रेक्झिनचं, सोनेरी पट्टीचं. पहिल्यापेक्षाही उंच. आता माझी सगळी मूठ आत जात होती.

शर्यतीचा दिवस. मला त्या दिवसाचं सगळं आठवतं आणि काहीच नीट आठवत नाही. हलगी आठवते. बैलांचा गुट्टा झाला, आबांची जोडी पहिली आली, आबांच्या फेट्यावरचा गुलाल गळून मिशांत उतरला होता. मग फटफट्या लागल्या. पलीकडच्या बांधापर्यंत जायचं, तिथं वळायचं, परत यायचं. शिवाला गाडीवर बसवायला दोघांनी गाडी धरली. धरली! शर्यतीत उतरणाऱ्या माणसाची गाडी धरावी लागते, तेव्हाच थांबवायचं होतं ना? आणि सुटला. जाताना सगळ्यांच्या पुढं होता. सांगते ना, पुढं होता! लाल सीट पुढं आणि बाकीच्या मागं. आबा ओरडत होते, "आला माझा वाघ!" तेवढा वेळ मीही ओरडत होते.

वळताना पाय लावावा लागतो. वळणाच्या आतल्या अंगाला पाय टाकायचा, त्याच्यावर गाडी तोलायची आणि फिरवायची. शिवानं टाकला. त्याच्या मोपेडवर हजारदा टाकला असेल तसा, सवयीनं. पण जमीन तिथं नव्हती. मी बांधावरून बघत होते, त्याचा पाय जमीन शोधत होता. शोधत खाली खाली गेला, आणि सापडली तोवर गाडी कलंडली होती. ते सगळं धूड त्याच्या गुडघ्यावर. चिखलात सायलेन्सर फसफसत होता. हलगीवाल्याला दिसलं नाही, तो वाजवतच राहिला.

मी धावले. पडले, उठले, पुन्हा धावले. माणसांनी गाडी उचलली. शिवाचं तोंड चिखलानं भरलं होतं, डोळे तेवढे पांढरे. आबा आले. भोवतीच्या लोकांकडं बघत, कसंनुसं हसत म्हणाले, "गिड्ड्याला पेललं न्हाय."

तोंडातून पहिला शब्द हा. पोराच्या पायाकडं बघायच्या आधी. मी त्या चिखलात उभी राहून, सगळ्या गावासमोर, आयुष्यात पहिल्यांदा आबांवर ओरडले, "गाडी उंच हाय, आबा! त्यो बुटका न्हाय! गाडी उंच हाय!" काही लोक हसले. एका म्हाताऱ्यानं माझा दंड धरून मला बाजूला केलं. आबांनी ऐकलंच नाही, किंवा ऐकलं आणि सोडून दिलं.

आधी हाडवैद्य झाला, मग कोल्हापूरला नेलं. गुडघा जुळला, वाकला मात्र नाही. कधीच नाही. शिवा एक पाय सरळ टाकून चालायला शिकला, जमिनीवर बसताना तो पाय पुढं पसरून बसायला शिकला. पोटासाठी गावात किराणा मालाचं दुकान घातलं, उंच स्टुलावर बसून. मोपेड विकली. ती काळी गाडी मात्र गोठ्यात ठेवली आबांनी. कोंबड्या तिच्यावर बसायच्या. दरवर्षी दसऱ्याला आबा ती पुसायचे, माळ घालायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "पहिल्या दर्जाची गाडी. पोराला पेलली न्हाय." शेवटपर्यंत तेच. मरताना बोलणं जड झालं होतं, तरी एकदा गोठ्याकडं बोट केलंच. आणि शिवा? शिवानं एकदाही म्हटलं नाही, गाडी माझ्या मापाची नव्हती. माझ्या पोरांना, त्याच्या पोरांना, कुणालाच नाही. मीच बोलत राहिले. लोक म्हणायचे, इंदू कडक आहे बाई फार. कडक नाही हो. दोघांचा राग एकटीला सांभाळावा लागला.

म्हणून परवा रिक्षातून घरी आले, तनूला तिच्या आईकडं सोडलं आणि तडक गावाला गेले. शिवा दुकानात साखर बांधत होता. मी म्हटलं, "उद्या चल. पोरीची गाडी बघायची हाय."

"मला काय कळतंय त्यातलं, आक्का? आताच्या गाड्या येगळ्या."

"तुला न्हाय कळत तर कुणाला कळतंय रं? टायवाल्याला?" मी इतक्या जोरात ओरडले की साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक निघून गेलं. "तो वाढंल म्हणतोय तिला. ऐकलास? वाढंल म्हणतोय."

शिवानं सुतळी तोडली, पुडी बाजूला ठेवली. म्हणाला, "किती वाजता निघायचं?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दुकान. टायवाल्यानं मला ओळखलं आणि जरा लांबूनच नमस्कार केला. तनू पुन्हा त्या हिरव्या गाडीवर चढली. शिवानं बघितलं आणि त्या पांढऱ्या फरशीवर, सगळ्या दिव्यांच्या उजेडात, खाली बसला. कसा बसला ते बघवत नव्हतं. एक हात गाडीच्या चाकाला, एक माझ्या हातात, तो सरळ पाय पुढं पसरला आणि धप्प. टायवाला धावत आला, "काका, खुर्ची आणतो!" शिवानं हातानंच नको म्हटलं. आणि तनूच्या टाचेखाली चार बोटं आडवी घातली. आत गेली. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्याला आठवत होतं. मला वाटलं होतं माझ्या एकटीलाच आठवतंय.

"दुसरी दावा, पावणं," शिवा म्हणाला. "ती कोपऱ्यातली."

"ती? ती एकदमच बेसिक आहे, काका. लहान मुलांना शिकायला घेतात. मॅडमना शोभणार नाही."

"शोभायचं मी बघतो," मी म्हटलं. "तू गाडी काढ."

कोपऱ्यातली ती बाहेर आली. बसकी, लहान चाकांची, हलकी. तनू बसली. फरशीवर सरकत सरकत शिवा तिच्यापाशी गेला, पँटीला धूळ लागली तरी. टाचेखाली हात घालायला गेला, बोटं जाईनात. तनूनं पाय जरा उचलला, यानं तळवा फरशीवर पालथा ठेवला आणि म्हणाला, "टेक आता." तिनं टेकला. पोरीचा सगळा भार त्या म्हाताऱ्या हातावर आला. शिवाचं तोंड कळवळलं, मी बघितलं. पण हात तिथंच.

"आज्जा, हात काढ की! बोटं मोडतील!"

"मोडू देत," शिवा म्हणाला. "दाब. आणि जरा."